जनूमास्तरांनी तेल सोडलं, चित्र सोडलं नाही

मंडळी,

शहापूरहून एस्टीनं आलेले शिक्षक, शेणव्याहून आलेले मास्तरांचे भाऊबंद, मास्तरांच्या हाताखाली रेघ ओढायला शिकलेली ही सगळी आता मोठी झालेली मुलं, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या तारावहिनी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मुरबाडच्या या वाचनालयाचा चिटणीस म्हणून मी इथं पुष्कळ वेळा बोललो आहे. पाहुण्यांची ओळख करून देणं, आभार मानणं, ही कामं मला जमतात. आजचं काम वेगळं आहे. जनार्दन हरड, ज्यांना शहापूरपासून वैशाखऱ्यापर्यंत सगळे जनूमास्तर म्हणत, ते गेले, हे वाक्य मी घरी मोठ्यानं म्हणून पाहिलं. जमलं नाही. आत्ता म्हटलं. आता पुढचं जमेल.

मला आणखी एक भीती आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण त्याला गुळगुळीत करतो. मास्तर गुळगुळीत नव्हते. चिडके होते. हट्टी होते. चहात साखर कमी पडली तर कपाकडे असं बघायचे, की करणाऱ्यानं स्वतःहून उठून साखर आणावी. वहिनी हसताहेत, म्हणजे मी खोटं बोलत नाही. तर वहिनी, माझं कुठं चुकलं, कुठं मी जास्त रंग लावला, तर तिथल्या तिथं हात वर करा. मी थांबेन.

मला आज मास्तरांच्या आजारपणाची गोष्ट सांगायची नाही. मला त्यांच्या जिंकण्याची गोष्ट सांगायची आहे.

तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, मास्तर शहापूरच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीत तैलचित्रं काढत. शेणव्याच्या शेतकऱ्याच्या या मुलाला मुंबईच्या कलाशाळेत पाठवलं ते अप्पांनी. अप्पा म्हणजे या वाचनालयाचे संस्थापक. इथल्या तरुणांना त्यांचा चेहरा फक्त त्या भिंतीवरच्या चित्रातून माहीत आहे. त्याच चित्राची ही गोष्ट आहे.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस मोठा असेल तर गेल्यावर त्याचं तैलचित्र लागतं. फोटो चालत नाही. फोटो कुणाचाही असतो. तैलचित्र लागलं की मग हार, उदबत्ती, आणि कपाळाला गंध. ते गंध काचेला नाही, आपण सरळ चित्रालाच लावतो. माणसाला लावावं तसं. शहरातली माणसं हसतील. पण आपली माणसं चित्रासमोर उभी राहतात तेव्हा ती चित्रासमोर उभी नसतात, त्या माणसासमोर उभी असतात.

या रीतीनं मास्तरांचा एकदा घात केला होता. एका भातगिरणीवाल्या शेटचं चित्र होतं. घरच्यांना ते तेराव्यालाच हवं. मास्तर सांगून दमले, "अरे, हा तेलाचा रंग हाय. वरून सुकल्यासारखा दिसतो, पन आतून महिनोन्महिने ओला ऱ्हातो." कोण ऐकतंय! चित्र लागलं. झेंडूचा जाड हार पडला. संध्याकाळी हार काढायला गेले, तर हाराबरोबर शेटच्या मिश्या आल्या.

हसा. मास्तर स्वतः ही गोष्ट सांगताना हसत. "केशवा," ते मला म्हणाले होते, "शेट जिवंत असता तर मला उभा कापला असता. मेल्यावर नुसता बिनमिशीचा बघत ऱ्हायला."

पुढं दम्यानं उचल खाल्ली. शहापूरच्या घरातली ती माळ्याखालची खोली तुमच्यापैकी काहींनी पाहिली आहे. पावसाळ्यात खिडकी बंद. आत जवसाचं तेल, टर्पेंटाइन, आणि मास्तर. रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायचे. ठाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा वास छातीत जातो आहे, तेलरंग सोडा, नाहीतर छाती तुम्हाला सोडेल.

वहिनींनी काय केलं? तेलरंगाच्या सगळ्या नळ्या, बाटल्या, कुंचले ट्रंकेत घातले. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

"दे गो ती किल्ली," मास्तर म्हणाले.

"नाय."

"अगो, नुसतं बघायला."

"बघायला मी हाय ना. माझ्याकडं बघा."

हे मी समोर बसून ऐकलं आहे. वहिनींचा आवाज कडक होता. मास्तरांनी किल्ली पुन्हा मागितली नाही. निघताना मला सोडायला दारापर्यंत आले आणि म्हणाले, "केशवा, शाळेत पोरांना जास्वंद आनि मडकं काढायला शिकवीन. ते होईल. पन मानसाचं तोंड काढल्याशिवाय मी कोन रे?"

सभेत उभं राहून सांगायला सोपं वाटतं, पण मंडळी, त्यांच्यापुढं तो खरा प्रश्न होता. श्वास हवा असेल तर चित्र सोडा. चित्र हवं असेल तर श्वास सोडा.

अशात दोन गोष्टी घडल्या. एक, अप्पा वारले. दुसरी, मास्तरांचा खर्डीचा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला होता, तो रजेवर आला आणि गुरुजींसाठी परदेशातून रंगांची पेटी घेऊन आला. तेलरंगासारख्याच नळ्या. पण पाण्यात कालवायच्या. टर्पेंटाइन नको, तेल नको, वास जवळजवळ नाहीच. आणि गंमत अशी, की ओला असेपर्यंत पाण्यात विरघळतो आणि एकदा सुकला की पाणी ओतलं तरी हलत नाही. ॲक्रिलिक. आमच्यात कुणी हे नाव ऐकलं नव्हतं. वहिनींनी प्रत्येक नळीचं बूच उघडून स्वतः हुंगलं आणि मगच पेटी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तर लगेच इथं आले. कार्यकारिणीची बैठक चालू होती. वर्षश्राद्धाला अप्पांचं तैलचित्र लावायचं ठरत होतं आणि मुंबईच्या एका पेंटरचं नाव निघालं होतं. मास्तर दारातूनच म्हणाले, "अप्पांचं तोंड मी काढणार. दुसऱ्या कुनी नाय."

आपले अध्यक्ष तात्या इथं बसले आहेत. तात्या, मी सांगू ना? सांगा म्हणताहेत.

तात्या म्हणाले, "मास्तर, तुमची छाती?"

"पाण्याच्या रंगात काढीन."

"पाण्याच्या? मग ते तैलचित्र कसं?"

"दिसेल तसंच."

तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बघा, आमाला रंगातलं काय कळत नाय. अप्पांचं चित्र तेलाच्यासारखं दिसलं पायजे. लांबून बी आनि जवळून बी. नाय दिसलं, तर मुंबईचा पेंटर. मग रागवायचं नाय."

"नाय रागवत," मास्तर म्हणाले. "नाय जमलं तर मी परत कुंचलाच धरनार नाय."

बैठक संपल्यावर मी त्यांना म्हटलं, असं बोलायला नको होतं. ते म्हणाले, "मग कसं बोलू? खरं तेच बोललो."

पहिलं चित्र मी पाहिलं तेव्हा मला धक्का बसला. अप्पाच होते. नाक अप्पांचं, डोळ्यांखालची सुरकुती अप्पांची. पण सगळं सपाट. मेलेलं. रंग सुकले की बसत होते, काळवंडत होते, त्यांच्यावरची ओली चमक निघून जात होती. गालाचा उजेड आणि गालाची सावली यांच्यात कात्रीनं कापल्यासारखी कड. तात्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सोडा-लेमनच्या दुकानाची पाटी."

वहिनी म्हणाल्या, "मला तर कल्हई उडालेलं ताट वाटतंय."

मास्तर चिडले नाहीत. याचं मला आश्चर्य वाटलं. ते चित्रासमोर बसले आणि विचार करू लागले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मला म्हणाले, "केशवा, बस. तेलाच्या रंगात काय होतं सांगतो. उजेड वरनं आत जातो, तळाला लागतो आनि परत भाईर येतो. म्हनून तोंड आतनं पेटल्यासारखं दिसतं. ह्यात उजेड वरच बसतो. दारात आलेल्या पाव्हन्यासारखा. त्याला आत कसा घ्यायचा?"

मी पदवीधर माणूस. मला हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. पण त्यांनी मला शिकवलं म्हणून मी हे सांगत नाही. ते मोठ्यानं स्वतःशीच बोलत होते, मी फक्त समोर होतो.

आधी त्यांनी चुकीची वाट धरली. चमक हवी ना, मग वरून डिंक लावू. शहापूरच्या बाजारात पाड्यावरच्या बायका धावड्याचा डिंक घेऊन बसतात. तो आणला, पाण्यात भिजवला. नुसता डिंक सुकल्यावर तडकतो म्हणून त्यात थोडा मध घातला, जुने रंगारी घालत तसा. त्या पहिल्या चित्रावर त्याचा एक हात, म्हणजे एक थर, दिला. काय झळकलं चित्र! मास्तर खूश. मी खूश. सकाळी वहिनींनी हाक मारली. अप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत मुंग्यांची रांग.

वहिनी म्हणाल्या, "अप्पांना जन्मभर डॉक्टरनं गोड खाऊ दिलं नाय. आता मेल्यावर मुंग्या लावल्यात तुमी!"

मास्तर पोट धरून हसले. आणि मंडळी, मला आठवतं, हसताना त्यांना दम लागला नाही. वहिनींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मास्तरांनी नवं कापड ताणलं आणि नव्यानं सुरुवात केली. आणि इथं मी तुमच्यातल्या चित्र शिकणाऱ्यांसाठी जरा सावकाश सांगणार आहे, कारण मास्तरांनी ही युक्ती कधी लपवली नाही, आणि मीही लपवणार नाही.

तेलाच्या चित्रात कुंचल्याचे वळ दिसतात. उजेड त्यांच्यावर अडतो. हा पाण्याचा रंग सुकताना आकसतो, वळ बसून जातात. म्हणून त्यांनी रंगाच्या आधीच वळ तयार केले. सुतारांकडे तो नवा पांढरा गोंद येतो ना, लाकूड चिकटवायचा, तो घेतला, त्यात शाळेतल्या खडूची वस्त्रगाळ पूड कालवली आणि जाड कुंचल्यानं ते कापडावर फिरवलं. कपाळावर आडवं, गालावर गोल, फेट्यावर पिळाच्या दिशेनं. रंग नाहीच, नुसते पांढरे वळ. हात फिरवला तर आंधळ्यालासुद्धा अप्पा ओळखता आले असते.

ते सुकलं. मग रंग. आणि रंग त्यांनी श्रावणात लावला. मुद्दाम. मी विचारलं, श्रावणात का? म्हणाले, "पापडसुद्धा वाळत नाय अशा दिवसांत हा रंग बी जरा दमानं वाळेल. तेवढ्यात मी गाल वळवून घेईन." खिडकी सताड उघडी. रंगाच्या थाळीवर ओलं फडकं. दमट हवा आत यायलाच हवी होती, आणि टर्पेंटाइन नव्हतं, म्हणून वास कोंडायची भीती नव्हती. उजेड आणि सावली ओलीत ओली मिसळली. कात्रीची कड गेली.

मग पातळ थर. इतका पातळ रंग, की चहाच्या पाण्यासारखा. पेटीतल्या बाटलीत एक दुधी द्राव होता, त्यात चिमूटभर तपकिरी, चिमूटभर पिवळा. सावलीवर एक थर. सुकू द्यायचा. पुन्हा एक. पुन्हा एक. तेलरंगात दोन थरांमध्ये आठवडे जातात. इथं सकाळी एक, दुपारी एक. आणि दर थराला अप्पा खोल जात होते. मी रोज संध्याकाळी घरी लिहायला बसे आणि त्या दिवसाच्या चेहऱ्याला कालच्यापेक्षा वेगळं काय म्हणावं ते सुचत नसे. शेवटी मी लिहिणं सोडलं आणि नुसतं जाऊन बघू लागलो.

एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "मास्तर, हे फसवणं नाही का? एका रंगानं दुसऱ्याचं सोंग घ्यायचं?"

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. आता ओरडणार असं वाटलं. पण म्हणाले, "केशवा, आपल्याकडं बोहाडा नाचतो. देवाचा मुखवटा घालून मानूस येतो आनि बाया पाया पडतात. कुनी विचारतं का मुखवटा लाकडाचा की कागदाचा? कापडावर मानूस उभा करायचा हेच मुळात सोंग. तेल काय, पानी काय. मी तेलाची नक्कल नाय करत. तेलानं मला जे शिकवलं, ते पाण्याकडनं करून घेतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "पन इचारलं तर खरं सांगायचं. ते नाय सांगितलं, तर मग ती फसवनूक."

हे उत्तर पुरेसं आहे का, याचा मी अजूनही विचार करतो. मला वाटतं, पुरेसं आहे. मला वाटतं, कलेतलं याहून सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही.

शेवटचा हात राहिला. वरचा, झळाळीचा. पेटीतल्या द्रावाचा तळ दिसत होता. एका हातापुरताच उरलेला. चुकलं तर दुसरा मिळणार नव्हता. जहाज कुठल्या समुद्रात होतं कुणास ठाऊक. त्यात मास्तरांनी पिवळ्या मातीच्या रंगाचा अगदी कण घातला, जुन्या तैलचित्राला वर्षांनी येते तशी ऊब यावी म्हणून. रुंद, मऊ कुंचला घेतला. वरून खाली, एकदाच, न थांबता. आणि तो द्राव ओला असताना दुधासारखा असतो, म्हणून सगळं चित्र पांढुरकं झालं. अप्पांच्या तोंडावर धुकं.

नेमके त्याच वेळी तात्या दारात. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, म्हणून बघायला आले होते. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मास्तर! हे काय केलंत? अप्पांना दुधात बुडवलंत?"

"तात्या, बसा. चहा घ्या."

"चहा कसला? मुंबईला तार करतो मी."

"तार उद्या बी जाईल. चहा आता गरम हाय."

वहिनींनी चहा आणला. तात्या बसले. कप संपला. चित्र पांढरंच. मास्तरांची नजर चित्रावर आणि माझे कान त्यांच्या छातीकडे, कारण तिथं ती जुनी शिट्टी वाजते का हे मी ऐकत होतो. वहिनी पुन्हा चहा ठेवायला गेल्या. श्रावणातली हवा. काही केल्या सुकेना. मला वाटलं, संपलं. श्रावणानं गाल दिले आणि श्रावणच शेवटचा हात घेऊन चालला.

आणि मग कपाळ उघडलं. आधी फेट्याच्या खालची एक पट्टी. जणू धुक्यातून डोंगराची कड दिसावी. मग डावी भुवई. मग डोळा. मंडळी, तो डोळा ओला होता! सुकलेल्या रंगातला ओला डोळा. मग गाल, मिशा, ओठ. उजेड वळांवर अडत होता, थरांतून आत जात होता आणि परत येत होता. अप्पा आमच्याकडे बघत होते.

तात्यांनी दुसरा कप तसाच खाली ठेवला. ते उठले. पायांतल्या चपला काढल्या. त्या घरात ते नेहमी चपला घालूनच येत. आणि त्यांनी चित्राला हात जोडले.

मास्तर फक्त म्हणाले, "तार करायची का?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी हे दालन असंच भरलं होतं. मुंबईहून पाहुणे म्हणून एक वयोवृद्ध चित्रकार आले होते. मास्तर शिकत होते तेव्हा ते त्या कलाशाळेत शिकवत. तात्यांनी मला आणि मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "कुनी विचारलं नाय तर बोलू नका. तैलचित्र म्हनाले तर म्हनू देत." पडदा बाजूला झाला. पाहुणे पुढं झाले. चष्मा वर केला. चित्राच्या इतके जवळ गेले की नाक लागेल. हुंगलं. परत हुंगलं. मग मागं वळून म्हणाले, "हरड, रंगाचं वजन आहे. तेलाची खोली आहे. पण तेलाचा वास कुठं आहे?"

तात्यांनी मास्तरांचा सदरा मागून ओढला. मी स्वतः पाहिलं. मास्तरांनी मागं न बघता तो सोडवून घेतला. पण ते बोलायच्या आतच माई उठल्या.

माई म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्या वैशाखऱ्याहून माहेरच्या माणसांबरोबर आल्या होत्या. त्यांच्या हातात गंधाची वाटी होती. कुणाला काही न विचारता त्या चित्रासमोर गेल्या, अंगठा वाटीत बुडवला आणि अप्पांच्या कपाळावर ओला, ठसठशीत टिळा ओढला. गंध पातळ झालं होतं. टिळ्यापासून एक ओघळ निघाला. भुवईवर. मग डोळ्याकडे.

सगळ्या सभेला गिरणीवाल्या शेटच्या मिश्या आठवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "आरे देवा, गेले अप्पा!"

माईंचा हात हवेतच राहिला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आपल्याच हातानं आपण नवऱ्याचं तोंड खराब केलं, असा.

मास्तर पुढं गेले. वक्त्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला. खांद्यावरचा पंचा त्यात बुडवला. पिळलाही नाही. आणि सगळ्यांच्या देखत तो ओलागच्च पंचा अप्पांच्या तोंडावरून फिरवला.

एक बाई किंचाळली. पाहुण्यांनी डोळे मिटले.

पाणी खाली निथळलं. ओघळ गेला. अप्पांच्या तोंडावरचा एक केसही हलला नाही. धुतल्यावर तर ते आणखीच झळकले. मास्तर माईंकडे वळले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माई, लावा. कितीबी गंध लावा. रोज लावा. हे तेलाचं नाय. पाण्याचं हाय. आनि हे तुमच्या हातानं कधी बिघडनार नाय."

माईंनी पुन्हा अंगठा वाटीत बुडवला. या वेळी सावकाश. आणि टिळा लावून झाल्यावर त्यांनी तळहात अप्पांच्या गालावर ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. बाईमाणसानं नवऱ्याच्या गालाला चारचौघांत हात लावायचा नसतो, मंडळी. कुणी काही म्हणालं नाही.

मग पाहुणे पुढं आले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कसं केलंस हे?" आणि आमच्या जनूमास्तरांनी, जे आयुष्यभर दुसऱ्याला एका वाक्यात गप्प करत आले, त्यांनी तिथंच सतरंजीवर बसून गोंद, खडू, श्रावण, पातळ थर, शेवटचा हात, सगळं सांगितलं. मुंग्यांसकट. सभेचा कार्यक्रम बाजूला राहिला. माझं आभाराचं भाषण झालंच नाही.

टाळ्या मग वाजल्या. वर्षश्राद्धाला टाळ्या वाजवाव्यात की नाही, मला कळलं नाही. मी वाजवल्या.

त्यानंतर मास्तरांचा हात थांबला नाही. पुढचे रंग मुंबईहून, जहाजावरून, कुठून कुठून आले. कधी आले नाहीत तर भिंतीच्या पाण्याच्या रंगावर आणि सुताराच्या गोंदावर भागवलं. आणि रंग लगेच वाळतो म्हटल्यावर चित्र फक्त बड्या घरांचं राहिलं नाही. ज्यांना तेराव्यालाच आपल्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं असतं, त्या सगळ्यांचं झालं. शेणव्याच्या गावकुसाबाहेरच्या एका सुईणीचं चित्र त्यांनी काढलं. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. ते आज शाळेत आहे, आणि तिच्या कपाळावरचा टिळा कधी सुकलेला मी पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं भेटलो. ते वहिनींचं चित्र काढत होते. इतकी वर्षं सगळ्या जगाची तोंडं काढली, घरचं राहून गेलं होतं. शेवटचा हात त्यांनी माझ्यासमोर दिला. वहिनी बघून म्हणाल्या, "येवढी गोरी कुठं मी? लोक हसतील."

"गोरी नाय केली गो. उजेड हाय तो. आत जाऊन परत आलाय."

"चला, काय तरी बोलायचं."

पण त्या तिथून हलल्या नाहीत.

मास्तरांचं हृदय थांबलं. अचानक थांबलं. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं, कारण मला ते कळायलाच हवं होतं. दमा नव्हता. शेवटपर्यंत छाती मोकळी होती. ज्या प्रश्नानं त्यांना त्या दिवशी दारात अडवलं होतं, श्वास की चित्र, त्याला त्यांनी दोन्ही, असं उत्तर दिलं. आणि ते उत्तर वर्षानुवर्षं जगून दाखवलं. मंडळी, याला जिंकणं म्हणतात. मी हा शब्द पुष्कळ पारखून वापरतो आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आता आपण सगळे उभं राहू आणि थोडा वेळ शांत राहू. अशा वेळी आपण नकळत श्वास धरून उभे राहतो. आज धरू नका. छाती भरून घ्या, सावकाश सोडा, आणि पुन्हा घ्या. शेजारच्याला ऐकू आला तरी चालेल.

वहिनी, उठायला हात देऊ? नको म्हणताहेत. उठल्या.

चला, मंडळी. मास्तरांसाठी.